गुरूंच्या यादीत आत्या बसत नाही

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला गुजरातच्या चित्रकर्तींवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे, शंकाच नाही. फक्त प्रत्येकीची प्रेरणा शोधताना ते कुणा गुरुजींपाशी, नाहीतर नवऱ्यापाशी येऊन थांबतात. माधवी पारेख यांना त्यांचे पती, चित्रकार मनू पारेख यांनी शिकवलं, कबूल. पण संजाया गावातल्या लहानपणची रांगोळी आणि भरतकाम त्यांच्या चित्रांत आलं, तेही मनूभाईंनीच शिकवलं का? आणि चित्रकार नसरीन मोहमदी? १९७२ पासून १९९० साली जाईपर्यंत त्या इथे बडोद्यात, विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला शिकवत होत्या. इतक्या वर्षांत एकाही मुलीने त्यांच्याकडून काही उचललं नसेल? न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय २०१६ मध्ये उघडलं, तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं होतं. आपल्या पुरवणीत त्यांना कंसातही जागा नाही.

माझा राग तसा जुना आहे. मी काही मोठी चित्रकार नव्हे. काही वर्षांपूर्वी एका गटप्रदर्शनात माझी चार चित्रं लागली होती. एका दैनिकाचा (तुमच्या नव्हे) मुलगा आला. ‘मॅडम, गुरू कोण?’ म्हटलं, आत्या. दांडिया बाजारातल्या आमच्या दारात ती चैत्रगौर बसली की महिनाभर रोज चैत्रांगणाची रांगोळी काढायची. सडा वाळायच्या आत, उकिडवी बसून. आधी गौरीचं मखर, मग चंद्र-सूर्य, शंख, गोपद्मं, शेवटी कासव. कासवाची मान मात्र नेहमी तुळशीकडे वळवलेली. ‘एकटं कशाला बसेल गं ते?’ म्हणायची. माझ्या चित्रांतली कासवं अजून मान वळवूनच बसतात.

मुलाने सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘गृहिणीने जोपासला छंद, पतीचे प्रोत्साहन’. आमच्या ह्यांनी त्या दिवशी गाडी लावायला जागा शोधली, एवढंच. ती मिळेपर्यंत उद्घाटन उरकलं होतं.

जाता जाता, कालच्या लेखासोबतचं चित्र कुणाचं, ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि त्याचा खालचा भाग साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली गेलाय. शब्दकोड्याचं उत्तरही दोन रविवार आलेलं नाही.

कळावे,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे