मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या काउंटरवर एक जण रास्पबेरी पाय 4 (जुने गेम खेळायचा तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि त्याची केस, म्हणजे वरचा डबा, घेऊन आला होता, तो मी. केस तीच, 1985 साली अमेरिकेत आलेल्या निन्टेंडोच्या व्हिडिओ गेमसारखी दिसणारी, राखाडी, पुढे पॉवर आणि रीसेटची बटणं. माझा प्रश्न एवढाच होता की पॉवर दाबल्यावर पाय रीतसर बंद होतो, की नुसती वीज तुटते? दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी तुम्ही केस उघडून बसलात. त्याबद्दल मनापासून आभार.

आमच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम (घरोघरी नकलाच असायच्या, अस्सल कुठून येणार!) खटकन बंद केला तरी बिघडत नसे. गेम कॅसेटमधल्या रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या चिपमध्ये, तिथे लिहिलं जातच नाही. पाय मात्र आख्खा लिनक्सचा कॉम्प्युटर. मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली, तर सगळी फाइल सिस्टम (कार्डावरच्या फाइलींची मांडणी) खराब होऊ शकते. हे इतकं सोपं करून मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मग चिमट्याच्या टोकाने तुम्ही आतल्या बोर्डावरचा सेफ शटडाउनचा बारीकसा स्विच सरकवलात. नुसत्या स्विचने भागत नाही, बटणाचा इशारा जीपीआयओच्या (बाहेरचे इशारे घेणाऱ्या-देणाऱ्या) पिनांतून पायपर्यंत पोचतो, पण तो ऐकणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आत हवी, म्हणालात. आणि तीही टाकून दिलीत. बटण दाबलं, आधी पडदा काळा झाला, मग दिवा गेला. त्याच क्रमाने!

वर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या थर्मल पॅडची दोन्ही बाजूंची फिल्म निघालीय का, तेही नखाने खरवडून पाहिलंत. 80 अंशांवर तापला की पाय स्वतःच वेग कमी करतो, म्हणून. एवढं कोण बघतं हो?

पैसे विचारले, तर "स्क्रू हरवू नकोस" एवढंच उत्तर.

खरं तर ही केस मी बाबांसाठी घेतली. दिसायला गोड आहेच, पण माझ्या मते तिची किंमत त्या बटणात आहे. जेवणं झाली की बाबा खेळतात, बटण दाबतात आणि झोपायला जातात. कीबोर्ड जोडणं नाही, मला हाक मारणं नाही.

माझ्या आतेभावानेही अशीच केस घेतलीय. रविवारी तुमच्या रस्त्यावरची दुकानं बंद असतात, म्हणून त्याला शनिवारी पाठवतो. या वेळी मात्र पैसे घ्या.

तुमचा,
राखाडी केसवाला