पुठ्ठ्याच्या पेट्या: सभासदांसाठी स्मरणसूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दिवाळीच्या भेटपेट्या करण्यासाठी आपण येत्या रविवारी एकत्र बसणार असून, प्रत्येकाने २ मिलिमीटर जाडीचा करडा पुठ्ठा तळाच्या व भिंतींच्या मापाने घरूनच कापून आणावा. झाकणाचा पुठ्ठा मात्र कापू नये. पेटीवर कागद चढल्यानंतर तिचे बाहेरचे माप वाढते, म्हणून झाकण त्या वाढलेल्या मापावरूनच, लांबी-रुंदीत साधारण २ मिलिमीटर सैल धरून आखावे लागते.

यंत्रावर तयार झालेल्या पुठ्ठ्यात तंतू एका दिशेने बसलेले असतात. तुकडा हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी वाकवून पाहिल्यास ज्या दिशेने तो सहज वाकतो ती घडी तंतूंना समांतर असते. ही दिशा पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बाण काढून दाखवावी आणि वरचा कागदही त्याच दिशेने लावावा. ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो, त्यामुळे एकाच बाजूने कागद लावलेले झाकण हमखास वाकते. यास्तव आतूनही कागद लावणे व रात्रभर वजनाखाली ठेवणे टाळू नये.

फराळाच्या पेट्यांसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलेली खळ कोणीही आणू नये. बाइंडिंगच्या कामात किडीपासून बचावासाठी ती चालत असली, तरी मोरचूद विषारी आहे आणि याबाबतीत कोणतीही सवलत नाही. मैद्याची ताजी, साधी खळ वापरावी व आत बटर पेपरचे अस्तर घालावे.

कटर, पोलादी पट्टी आणि हाडाची घडीपट्टी (घडी दाबून बसवण्याची पट्टी) ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावी.