कापूसचं रक्त कशासाठी काढलं

ओउलू, फिनलंड
८ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मायना पूर्ण लिहिलाय बाबा, नाहीतर लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवाल. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं आई म्हणेलच. फोनवर तू मध्येच "जेवलीस का" विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय हे सांगताना तुम्हा दोघांचे चेहरे समोर नकोत मला. वरच्या मजल्यावरच्या काकांना मेल केलीय, ते प्रिंट काढून देतील. अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय.

आधी कबुली. १२ जानेवारीला डॉक्टरांनी कापूसचं रक्त काढलं, ते वार्षिक तपासणीचं नव्हतं. डिसेंबरात त्याच्या मानेत चिप बसवली तेव्हा "नवा नियम आलाय" असं मी सांगितलं, तेही खोटं. भारतातून इकडे कुत्रा आणायचा तर आधी चिप, मग रेबीजची लस, लसीला ३० दिवस झाल्यावर रक्त, आणि ते रक्त इकडच्या मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासायचं. त्यात लसीचा जोर, म्हणजे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, किमान ०.५ युनिट लागतो. कापूस पास झालाय, चांगल्या मार्कांनी. त्यानंतरही रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. ते १२ एप्रिलला संपतात. मी १४ ला येतेय.

म्हणजे कापूसला मी घेऊन जातेय. लिहिलं बाई एकदाचं.

आता बाबा चष्मा काढून टेबलावर ठेवतील आणि आई, तू उठून कुकर लावायला जाशील. जाऊ नकोस. पुढचं वाच.

मागचा मे आठवून बघा. नवतपा, ४५ डिग्री, आणि दुपारी अडीचला लाइट गेली. तू पाठवलेला व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. मोरीतल्या फरशीवर चारी पाय पसरून पडलेला कापूस, जीभ पार बाहेर, आणि पंचा ओला करकरून त्याच्या पोटाला, पंजांना लावणारे बाबा. कुणी शिकवलं नसताना बरोबर तेच केलंत तुम्ही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, तो धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो तेव्हा कुठे निवतो. म्हणून तर मला मेपेक्षा तुमच्या जुलैची जास्त भीती वाटते. हवा दमट झाली की कूलर नुसता वारा फेकतो आणि जिभेवरचं पाणीही उडत नाही. पाऊस पडून गेला की आपण म्हणतो, चला, सुटलो. तो सुटत नाही.

आणि हो, "भादरून टाका जी त्याले" म्हणणाऱ्या सगळ्यांना तू पुरून उरलीस, त्याबद्दल साष्टांग. खालची लोकर आणि वरचे लांब केस मिळून ऊनही अडवतात, हे मी तुला एकदाच सांगितलं होतं. तू अख्ख्या कॉलनीला सांगितलंस. त्याच्या गळलेल्या केसांची तू उशी केलीस, ती दादाच्या मुलांना खरीच वाटत नाही. बाबा तर पहिल्याच आठवड्यात त्याची लोकर दोन्ही चिमटीत धरून ओढून बघत होते, जणू तुमच्या कापूस खरेदी केंद्रावर गाडी आलीय. "धागा आखूड आहे. पण माल स्वच्छ, सरकी नाही." नाव तिथेच पडलं. पुण्यात मी त्याला काय हाक मारायचे हे आता माझं मलाच आठवत नाही.

हे उन्हाचं सगळं खरं आहे. पण तेवढंच असतं तर एसी घेऊन दिला असता आणि बिलावरून तुमच्याशी भांडले असते. खरं कारण वेगळं आहे.

बाबा, नोव्हेंबरात तुम्ही व्हिडिओवर चहाचा कप डाव्या हातात धरला होता. जन्मात कधी धरला नव्हता. आणि उजवा हात शालीखाली. आई मागून म्हणाली, "थंडी आहे ना." नागपुरात, दुपारी एक वाजता! मग दादाला दम दिल्यावर कळलं की दूध केंद्रापाशी मांजर दिसलं, कापूस सुटला, पट्टा तुमच्या मनगटाला गुंडाळलेला, आणि तुम्ही रस्त्यावर, मनगट मोडून. तीन आठवडे झाले होते त्याला. तीन आठवडे तुम्ही दोघं मला रोज सांगत होतात की सगळं मजेत आहे.

रागावले नाहीये. म्हणजे रागावले होते, आता नाही.

यात कापूसचा दोष नाही आणि तुमचाही नाही. चहाच्या टपरीवर ती गोष्ट तुम्हीच सांगता ना बाबा, १९२५ च्या जानेवारीतली? अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, विमान उडेना, तेव्हा वीस जणांनी हातोहात कुत्र्यांच्या गाड्या हाकून हजार किलोमीटरच्या वर औषध साडेपाच दिवसांत पोचवलं. बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा झाला, पण सगळ्यात लांबचा आणि अवघड टप्पा टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला, हे तुम्ही प्रत्येक वेळी टेबलावर बोट आपटून सांगता. तेच रक्त आहे हे. सायबेरियातल्या चुकची लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे हस्की कुत्रे गाडी ओढण्यासाठीच वाढवले. पुढे पट्टा ताणला गेला की हा आणखी जोर लावणार. त्याने तुम्हाला पाडलं नाही, तो गाडी ओढत होता. फक्त गाडीवर ७१ वर्षांचा, शुगर असलेला माणूस होता.

आणि त्या माणसाच्या हातात पट्टा मी दिला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हौसेने पिल्लू आणलं तेव्हा त्याचे निळे डोळे बघितले, बाकी काही बघितलं नाही. इकडची नोकरी लागली तेव्हा "फक्त सहा महिने" म्हणून तुमच्याकडे सोडलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत की ते सहा महिने कुठले. अडीच वर्षं झाली. त्याला एकदा टिक फीवर, म्हणजे गोचिडांचा ताप झाला, प्लेटलेट उतरल्या, तेव्हा आई रात्रभर त्याच्याजवळ खाली बसली, गुडघे तसे असताना. मी इकडे मोबाइलवर रडक्या बाहुल्या पाठवत होते. कुत्रा माझा होता, आई.

आता इकडचं सांगते, म्हणजे जीव शांत होईल तुमचा. माझं घर तळमजल्यावर आहे. मागे छोटं अंगण आहे, घरमालकाच्या परवानगीने सहा फूट उंच कुंपण घातलंय आणि खालीही जाळी पुरलीय, कारण हा उडी मारायच्या आधी खणतो हे आपल्या तुळशीने बघितलंय. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करते, उरलेले दोन दिवस दुपारी त्याला फिरवायला एक मुलगी येणार आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्या थंडीत कसं व्हायचं त्याचं? आज उणे १७ आहे आणि इथली कुत्री बर्फात नाकावर शेपूट घेऊन झोपलीत. पण त्याने बर्फ पाहिलाय तो फक्त आपल्या फ्रिजमधला आणि अंगावरची लोकरही नागपूरच्या मानाने आलेली, हे मला कळतं. म्हणून तर एप्रिलचा शेवट धरला. तेव्हा इथलं बर्फ वितळत असतं, उन्हाळ्यात बहुतेक दिवस जेमतेम वीस-बावीसपर्यंत जातं आणि नोव्हेंबरच्या आत त्याला नवी लोकर भरायला पुरता वेळ मिळतो. जूनमध्ये रात्री अंधारच पडत नाही, तेव्हा तो चंद्र समजून कशाकडे बघून रडेल देव जाणे. तिकडे आरतीला सूर धरायचा, इथे लोकांना आरती नाही. शेजारच्या आजींना मी आधीच सांगून ठेवलंय की हा भुंकत नाही, गातो.

मला खरी काळजी कापूसची नाहीच. बाबा, तुमचं सकाळी साडेचारला उठणं त्याच्यामुळे आहे. अंबाझरी तलावापर्यंत जाऊन येणं त्याच्यामुळे, तीन महिन्यांची शुगर ८.४ वरून ६.९ वर आली तीही त्याच्यामुळे. रिटायर झाल्यावर दोन वर्षं तुम्ही खुर्चीतून उठत नव्हता, ते आम्ही दोघं भावंडं एकमेकांशी बोलायचो, तुमच्याशी नाही. म्हणून हा निर्णय घेताना दोनदा मागे फिरले मी. डिसेंबरात डॉक्टरांना फोन करून रद्दही केलं होतं. मग पुन्हा तो डावा हात दिसला.

तेव्हा आता ऐका. एप्रिलपर्यंत पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. गुंडाळायचाच नाही. मी दादाबरोबर छातीचा हार्नेस पाठवलाय आणि सकाळी पट्टा धरायला पेपर टाकणारा मुलगा येईल, त्याचे पैसे मी देतेय, त्यावर वाद नको. तुम्ही शेजारून चालायचं, हातात काठी घेऊन. हो, काठी. दांडी नाही, छत्री नाही. मार्चपासून सकाळी सहाच्या आत परत यायचं. संध्याकाळी नेताना आधी सिमेंटच्या रस्त्यावर उलटा तळहात ठेवून बघायचा, तुम्हाला सोसवला नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. आई, शिऱ्यातले बेदाणे काढूनही त्याला शिरा द्यायचा नाही, बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते. कांदा-लसूण घातलेली भाजीही नको. आणि बाबा, चहात बुडवलेलं बिस्किट बंद. तो २९ किलो झालाय. त्याला "अंगापिंडाने भरलाय" म्हणत नाहीत, जाडा झालाय तो. आणि तुमचीही बिस्किटं मोजली जाताहेत, आई सांगते मला.

तो गेल्यावरही साडेचारलाच उठायचं. हे मी सांगून होणार नाही, माहीत आहे. पण फाटकापाशी झोपणारी ती काळी, जिला तुम्ही "आपली नाही" म्हणता आणि रोज पोळी घालता, ती तुमच्यामागे तलावापर्यंत येते असं दादा म्हणाला. तिला पट्टा लागत नाही. मी फक्त सांगितलं, सुचवत काही नाही.

परवा व्हिडिओवर बाबा बोलता बोलता आईच्या पदरावरचे पांढरे केस एकेक करून वेचत होते. मला एकदम खरेदी केंद्र आठवलं. रुईच्या ढिगावरून मी घसरायचे, शाळेच्या गणवेशात, आणि घरी यायच्या आधी लुनाच्या स्टँडपाशी उभं करून तुम्ही माझ्या वेण्यांतला कापूस वेचून काढायचे, आईला कळू नये म्हणून. आईला रोज कळायचं. ती काही बोलायची नाही, फक्त मला अंघोळीला पिटाळायची. ते वेचणारं मनगट तेव्हा प्लॅस्टरमध्ये बघितलं होतं आणि मला इथे, ऑफिसच्या स्वच्छतागृहात, तोंडावर पाणी मारत उभं राहावं लागलं.

असो.

जायचं असं. विमान दिल्लीहून आहे. नागपूरहून दिल्लीपर्यंत त्याला एकट्याला सामानात पाठवणार नाही. एसी फर्स्टची चार बर्थची केबिन पूर्ण घेतली तर कुत्रा आपल्याबरोबर नेता येतो. म्हणजे तुम्ही दोघं, मी आणि चौथ्या बर्थवर तो, कारण खाली बसेल असं काही मला वाटत नाही. आई, रेल्वेत पुड्या बांधून आणायची तुझी हौस फिटेल. गोळाभात आण, बिनकांद्याची पाटवडी आण. दिल्लीत तीन दिवस मावशीकडे. विमानाच्या एक ते पाच दिवस आधी डॉक्टरांसमोर त्याला जंताचं औषध द्यावं लागतं, शिवाय सरकारी पशू-विलगीकरण कार्यालयातून प्रमाणपत्र घ्यायचं. ती धावपळ मी करेन. तुम्ही दोघं मावशीबरोबर निवांत बसा. विमानतळावर यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही.

त्याचा प्रवासाचा पिंजरा या आठवड्यात घरी येईल. मोठा आहे, त्याला आत उभं राहून वळता यायला हवं असा नियमच आहे. तो दिवाणखान्यात टीव्हीपाशी ठेवा, दार उघडं ठेवून. आत जेवायला द्या, झोपू द्या. दोन महिन्यांत त्याला ते आपलं घर वाटायला हवं. बाबा, त्याला आत बघून तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून त्याच्यासमोर उभं राहून डोळे पुसू नका, तो लगेच बाहेर येईल आणि सगळी मेहनत वाया.

आत अंथरायला तुमचा तो तपकिरी स्वेटर द्या, कोपरावर विरलेला, फिरायला जाताना घालता तो. आई, तू तो धुवायला घेशील. धुऊ नकोस. आत्ता आहे तसाच, घामाचा, तंबाखूचा (होय बाबा, माहीत आहे मला), तसाच दे.

तुमची,
चिमी