विषय: ४८ हजार घेऊन भलतेच लोक वेबसाईटवर आणल्याबद्दल तक्रार

नमस्कार साहेब,

माझं माजलगावला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, पाणबुडी मोटर, स्टार्टर, केबल, पाईप सगळं मिळतं. तुमच्या कंपनीला वेबसाईटचं अन गूगलचं काम देऊन सहा महिने झाले, महिन्याला ८ हजार म्हणजे ४८ हजार गेले. तुमचा पोरगा दर महिन्याला रिपोर्ट टाकतो, हिरवा बाण वर गेलेला, सर ट्रॅफिक वाढलं, म्हणजे साईटवर येणारे लोक वाढले म्हणतो. वाढलं ना, नाही कोण म्हणतंय. पण मागच्या महिन्यात वेबसाईट बघून ११ फोन आले अन त्यातले ७ शाळा-कॉलेजच्या पोरांचे, कुणाला प्रोजेक्टला मोटरची आकृती पाहिजे, कुणाला पीडीएफ, एकजण तर नाशिकहून म्हणाला काका उद्या व्हायवा आहे. सांगितलं त्याला जमलं तेवढं, लेकराचं कशाला नुकसान करायचं. पण त्याच्यानं माझं भाडं निघत नाही.

माझ्या पुतण्यानं गूगलचं सर्च कन्सोल उघडून दाखवलं की लोक काय टाईप करून आपल्या साईटवर यायलेत. सगळं 'सबमर्सिबल पंप म्हणजे काय', 'पंपाचे प्रकार', 'पंपाचा शोध कोणी लावला'. अहो ज्याच्या बोअरमधी मोटर सोडलेली आहे तो मोटर म्हणजे काय कशाला विचारंल? तो रात्री लाईट आल्यावर रानात उभा राहून बोलून सर्च करतो, मोटर चालू आहे पाणी येईना. त्याला दोन ओळीत उत्तर पाहिजे. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आत्ता काम झालं असंल तर फेज उलटे बसलेत, मोटर उलटी फिरायलीय, वायरमनकडून दोन फेज बदलून घ्या. ते नसंल तर बोअरचं पाणी खाली गेलंय नाहीतर पाईप लिक आहे. अन नुसतीच हूं हूं करत असंल तर एक फेज गेलेला असतो, लगेच बंद करा नाहीतर वाइंडिंग जळंल. हे मी तुम्हाला पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं, तुमच्या मॅडमनी वहीत लिहून पण घेतलं. अन लेख आला त्याची सुरुवात काय, तर 'पाणी हे जीवन आहे'.

परवा एक गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाईल दाखवायलं, म्हणलं नंबर कुठंय तुमचा, मी रात्रीच फोन करणार होतो. आम्ही दोघं मिळून खाली खाली सरकवत गेलो, इतिहास झाला, प्रकार झाले, फायदे झाले, निष्कर्ष झाला, तेव्हा कुठं एकदम तळाला बारीक अक्षरात नंबर सापडला. मला लाज वाटली खरंच.

पुतण्या म्हणाला ही गोष्ट काही नवीन नाही, २००२ सालीच सर्च इंजिनवर काम करणाऱ्या आंद्रे ब्रोडर नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय की लोक तीन कारणानं सर्च करतात, काही माहिती पाहिजे म्हणून, एखाद्या ठराविक साईटवर जायचं म्हणून, नाहीतर काहीतरी काम उरकायचं म्हणून. गूगलच्या तपासनिसांना दिलेल्या गाईडलाईनमधी तर जवळच्या दुकानात जायचं असलेला माणूस पण वेगळा धरलाय. माझं गिऱ्हाईक तेच आहे. '५ एचपी मोटर किंमत', 'माजलगाव मोटर रिवाइंडिंग', यावर तुम्ही एक पान बनवलं नाही. अन गूगल मॅपवर दुकानाची वेळ १० ते ६ टाकलीय, मी सकाळी ७ ला शटर उघडतो कारण रात्री जळालेली मोटर लोक पहाटेच टेम्पोत टाकून आणतात. ते बंद दिसलं की पुढच्या दुकानात जातात, सीझनमधी असे किती गेले कुणास ठाऊक.

मला २४ लेख नकोत. पाणी येईना, मोटर जळाली, किंमत, रिवाइंडिंगला किती दिवस लागतात, अशी चार-पाच पानं करा, नंबर वर मोठा टाका, मी बोलतो तसं लिहा. ते जमत नसंल तर निम्मे पैसे परत करा. अन मॅपवरचं दुकानाचं प्रोफाईल तुमच्या ईमेलवर बनवलंय, त्याची मालकी माझ्या ईमेलवर द्या, वेळ मला सुद्धा बदलता येईना. १५ दिवस वाट बघतो, नाहीतर बीडला ग्राहक आयोगात जाईन. धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं सांगू नका, मी पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस आहे.

फोन करायचा तर दुपारी करा, सकाळी हात ग्रीसमधी असतात.

दुकान मालक, माजलगाव, जि. बीड