नाव विचारायचं राहून गेलेल्या पिकअपवाल्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, आंबेनळी घाटात प्रतापगडाचा फाटा सोडून पोलादपूरकडे उतरताना तुम्ही एका बाईला ओरडून सांगितलंत, "ओ ताई, मागच्या चाकातनं धूर निघतोय, गाडी कडेला घ्या आधी!" ती बाई मी. निळी स्कूटर, पायाशी पाण्याचा कॅन, आणि चेहऱ्यावर 'आपलं कुठे काय चुकलंय' असा भाव. आठवली असेन.

आम्ही सातजणी होतो आणि सातहीजणी एकाच वेळी बोलत होतो, पण तुमचं नाव एकीनेही विचारलं नाही. गाडीचा नंबर बघितला नाही. लक्षात राहिलं ते एवढंच: पांढरी पिकअप, निळी ताडपत्री, मागच्या फळीवर 'आई-वडिलांची कृपा'. तसं तर प्रत्येक तिसऱ्या पिकअपवर लिहिलेलं असतं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

आम्ही कोण, कुठल्या, आणि या वयात स्कूटरवरून घाट चढायची हौस कुठून आली, हे तुम्ही विचारलं होतंत. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून आता सांगते. आम्ही मंडणगड तालुक्यातल्या, बाणकोट खाडीच्या काठच्या. एक अंगणवाडीताई, एक मासे विकणारी, दोघी बचत गटवाल्या, एक पोस्टातली, मी शिवणकाम करते, आणि आमची थोरली, जिला तुम्ही मावशी म्हणालात, ती शाळेतून निवृत्त झालेली, वय 61. पाच स्कूटर, त्यातल्या दोन डबलसीट. एरवी आमची धाव म्हणजे वेसवीच्या जेटीपर्यंत, फेरीबोटीने पलीकडे बागमांडला, फार तर हरिहरेश्वर.

आमच्या दारातली खाडी म्हणजे सावित्री नदीचं तोंड. जन्मभर तिचं शेवटचं पाणी बघितलं: खारं, गढूळ, भरती-ओहोटीचं. थोरली एकदा सहज म्हणाली, "मुलांना तीस वर्षं शिकवलं की सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. मी स्वतः काही बघितलेली नाही." झालं. एसटीने जाता आलं असतं, सगळ्या घरांतून तेच सांगितलं गेलं. पण एसटीने जाऊन आलेल्या बाईला कोण विचारतं!

घरच्यांच्या नाही म्हणण्याला कारण होतं, तेही सांगते. आमच्या भागात आंबेनळी घाट म्हटलं की 28 जुलै 2018 आठवतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस त्या दिवशी याच घाटात दरीत गेली, एकच माणूस वाचला. दापोली-मंडणगडात त्या बसमधल्या कुणाला ना कुणाला ओळखणारं माणूस प्रत्येक गावात आहे. आणि सावित्रीचं म्हणाल तर 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या, तेव्हा शोध घेणारे खाली आमच्या खाडीपर्यंत आले होते. तेव्हा घाट आणि नदी या दोन शब्दांवर आमच्या घरी कुणी हसत नाही. माझ्या नवऱ्याने तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी गुपचूप माझ्या टायरांत हवा भरून आणली.

चढायची तयारी मात्र आम्ही अगदी लग्नाची करावी तशी केली होती. मंडणगडात पाचही गाड्या उघडून बघितल्या. बिनगिअरच्या स्कूटरला चढावर खरा भार पडतो तो आतल्या पट्ट्यावर, हे मला तिथे कळलं. एका गाडीचा पट्टा कडेला चिरलेला निघाला, दुसऱ्या एकीचे रोलर एका बाजूने घासून सपाट झालेले. दोन्ही बदलले. डबलसीटसाठी मागच्या टायरात हवा थोडी जास्त. पहाटे पाचला निघालो, म्हाप्रळवरून महाडच्या बाजूला हायवेला लागलो, पोलादपूरला मिसळपाव खाल्ला आणि आठच्या आत घाटाला भिडलो.

चढण्याबद्दल फार सांगत नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीस किलोमीटर, त्यात डबलसीटवाल्या वळणावर विशीच्या वर जात नव्हत्या, पण एकही गाडी कुरकुरली नाही. दर तीन-चार वळणांनी थांबायचं, इंजिन जरा निवू द्यायचं, माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या. प्रतापगडाच्या फाट्याला थोरलीतली शिक्षिका जागी झाली आणि 10 नोव्हेंबर 1659 चा अख्खा दिवस तिने आम्हाला हातवारे करून ऐकवला. गडावर मात्र गेलो नाही. आम्हाला वर पोचायचं होतं.

आणि पोचलो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर. आमची घरं त्या सपाटीपासून फार तर पाच मीटर वर असतील, म्हणजे त्या दिवशी आम्ही खरोखरच शून्यातून वर आलो! क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं, कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि आमची सावित्री. बाकीच्या चौघी शेवटी कृष्णेतून पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जातात. एकटी सावित्री कोकणात उतरते. मासे विकणारी आमची मैत्रीण हात जोडून उभी होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, "गोडं लागतंय गो." तिने तो पाच लिटरचा कॅन भरून घेतला. तोच माझ्या पायाशी होता.

मग आर्थर सीटला गेलो. तिथून सावित्रीचं खोरं थेट खाली दिसतं. तिथले लोक गोष्ट सांगतात की मॅलेट नावाच्या गोऱ्या साहेबाची बायको आणि लेकरू सावित्रीत बोट बुडून गेलं आणि तो इथे बसून नदीकडे बघत राहायचा. इंग्रजांच्या काळात मुंबईहून समुद्राने बाणकोटला येऊन, खाडीने महाडपर्यंत जाऊन मग घाट चढायची वाट होती, म्हणजे आम्ही काही नवीन केलं नव्हतं. फक्त आमच्या वेळी पालखीला भोई नव्हते.

इथपर्यंत सगळं छान. आता दादा, तुम्हाला त्या दिवशी न सांगितलेली गोष्ट. तुम्ही विचारलंत, "ब्रेक एवढे तापले कसे?" आणि मी म्हणाले, "काय माहीत, उतार फार आहे ना." खोटं बोलले. फाटा सोडल्यावर मी किल्ली फिरवून गाडी बंद केली होती. उतारच उतार, गाडी आपोआप पळतेय, पेट्रोल कशाला जाळा! येताना टाकी भरायला पैसे गेले होते ते मनात खुपत होते. आमच्या अंगणवाडीताईने माझं बघून तेच केलं. म्हणजे दोन गाड्या बंद इंजिनाने, नुसत्या ब्रेकवर, त्यातली तिची डबलसीट, सहा-सात वळणं उतरल्या. आधी जळका वास आला. मला वाटलं डोंगरात कुठे वणवा लागलाय. मग ब्रेकचा लिव्हर दांड्याला टेकेपर्यंत आत यायला लागला आणि गाडी मात्र आपल्याच मर्जीने चाललेली. मी चप्पल रस्त्याला घासत होते. ते तुम्ही पाहिलंत, आणि त्यावर एक शब्दही बोलला नाहीत, याचे वेगळे आभार.

तुम्ही पुढे जाऊन, हॉर्न वाजवून, डोंगराच्या बाजूला जागा करून दिलीत. मी गटाराच्या कडेला गाडी टेकवली तेव्हा हात इतके थरथरत होते की स्टँड लागेना. अंगणवाडीताई मागून येत होती, तिला तुम्ही रस्त्यात उभं राहून हात दाखवून थांबवलंत. आणि मी पहिलं काय केलं, तर कॅन उचलला आणि मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतायला निघाले. तुम्ही माझं मनगट धरलंत. "ताई, तापल्या ड्रमवर गार पानी न्हाई वतायचं, तडा जाईल त्याला. त्याचं त्याला निवू द्या." ते पाणी कुठलं होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. ते ओतलं असतं तर ड्रमचं काय झालं असतं ते सोडा, आमच्या मैत्रिणीने मला दरीत ढकललं असतं.

पाऊण तास थांबलात तुम्ही. तुमच्या गाडीत स्ट्रॉबेरी होती, महाडच्या बाजाराला चाललेली, आणि ऊन्ह अजून उतरलं नव्हतं. मी दोनदा म्हटलं, दादा तुम्ही निघा. तुम्ही ताडपत्री एका बाजूने उचलून वारा लागेल अशी बांधलीत आणि म्हणालात, "माल थोडा नरम पडंल. पडू दे."

आणि त्या पाऊण तासात तुम्ही आमची शाळा घेतलीत. वाईला चार वर्षं गॅरेजात काढली म्हणालात, ते कळतच होतं. ब्रेकचे शूज, म्हणजे ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या पट्ट्या, सतत घासत राहिले की तापतात आणि तापले की धरायचं सोडून देतात. बिनगिअरच्या गाडीला गिअर पाडून उतरायची सोय नाही. वेग अगदी कमी झाला की तिचा आतला क्लच सुटतो, मग उतारावर ती सायकलसारखी मोकळी धावते. म्हणून एक्सलेटर पुरता सोडायचा नाही, किंचित धरून ठेवायचा, क्लच लागलेला राहतो आणि इंजिनच गाडी मागे ओढतं. ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी नीट दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा, ड्रमला श्वास घ्यायला द्यायचा. "आनि किल्ली?" असं तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! मी मान खाली घातली.

थोरली हे सगळं वहीत उतरवून घेत होती. तिने तुम्हाला शंकासुद्धा विचारली, नवीन गाड्यांना एक लिव्हर दाबला की दोन्ही ब्रेक लागतात, मग तरी का? तुम्ही म्हणालात, "मावशी, दोन्ही लागले म्हंजे दोन्ही तापतात."

आम्ही महिनाभर चढायचा विचार केला, दादा. पट्टा, रोलर, हवा, पेट्रोल. उतरण्याबद्दल सातजणींत एका शब्दाने कुणी बोललं नव्हतं. उतरणं म्हणजे काय, घरी जाणं. त्याला कसली तयारी?

मग तुम्ही डबलसीटवरच्या दोघींना तुमच्या केबिनमध्ये बसवलंत आणि पुढे निघालात. आम्ही पाचजणी मागे एका रांगेत. तुम्ही वळणाच्या आधी ब्रेक दाबायचात, तुमचा लाल दिवा लागला की आम्ही दाबायचं, विझला की सोडायचं. घाट संपेपर्यंत तोच दिवा बघत उतरलो. दरी कुठल्या बाजूला होती हेही मला आठवत नाही. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या आणि तुम्ही खिडकीतून हात काढून त्यांना शांतपणे पुढे जायला सांगत होतात. केबिनमधल्या दोघी मात्र मजेत. खाली उतरल्यावर कळलं की त्यांनी तुमच्या मुलीची दहावी, तुमच्या आईचा गुडघा आणि यंदाचा स्ट्रॉबेरीचा भाव एवढं सगळं विचारून घेतलं होतं. नाव तेवढं राहिलं.

पोलादपूरला चहाच्या टपरीशी थांबलो तेव्हा मी पर्स काढली. तुम्ही रागावलात. उलट दोन पेट्या उतरवून आमच्या हातात दिल्यात, "ह्या नरम पडल्यात, बाजारात जायच्या न्हाईत." त्या मुळीच नरम नव्हत्या. रात्री साडेनऊला घरी पोचलो, तेव्हा नवरा दारात कंदील घेऊन नव्हे, मोबाइलचा टॉर्च घेऊन उभा होता. त्याला स्ट्रॉबेरी दिली. घाटातलं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

सोमवारी गाड्या उघडल्या. माझे मागचे शूज काचेसारखे गुळगुळीत झाले होते, अंगणवाडीताईचे तर जळून काळे. मेकॅनिकने विचारलं, काय केलंत हो? थोरलीने वही काढून त्यालाच वाचून दाखवली. कॅनमधलं पाणी आम्ही ओहोटीच्या वेळी खाडीत सोडलं. थोडं बाटलीत ठेवलंय, मैत्रिणीच्या देव्हाऱ्यात आहे.

आता कामाचं. चहा पिताना तुम्ही म्हणाला होतात की सुक्या कोलंबीचे सोडे तुमच्या आईला फार आवडतात, पण वर चांगले मिळत नाहीत. पाऊण किलो सोडे, थोडे सुके बोंबील, आणि कोकम आगळाची एक बाटली असं त्याच टपरीवर ठेवलंय, पोस्टातली मैत्रीण कामाने महाडला गेली तेव्हा देऊन आली. टपरीवाल्या काकांना 'स्ट्रॉबेरीची पांढरी पिकअप' एवढंच सांगितलंय, ते तुम्हाला ओळखतो म्हणाले. त्यांनाही तुमचं नाव माहीत नाही! पिशवी वर खिळ्याला टांगायला सांगितली आहे. तिथे एक मांजर आहे, तेव्हा लवकर न्या.

तुमच्या,
बाणकोट खाडीकाठच्या सातजणी
(लिहिणारी: निळ्या स्कूटरवाली)