ताई, तुम्ही खरं सांगितलंत

प्रिय ताई,

हे घरी येऊन, तुमच्यासमोर बसून बोलता आलं असतं. पण आम्हाला जे ऐकवलं गेलं ते चारचौघांत ऐकवलं गेलं, म्हणून तुमचे आभारही चारचौघांतच मानायचे आहेत.

मुलांना घरी ठेवून आम्ही दोघं डोंगर चढायला जाणार हे कळलं आणि प्रश्न सुरू झाले. सगळे माझ्याकडेच आले. "एवढ्या लहान पोरांना टाकून जाववतं कसं तुला?" तुमच्या भावाला मात्र लोकांनी विचारलं, शिखर किती उंच आहे. त्या दिवशी सगळे जमले असताना तुम्ही एवढंच म्हणालात, "दोघं जातायत, तर दोघांना विचारा." पुढे कोणी काही बोललं नाही.

हे फक्त माझ्याच वाट्याला आलं असं नाही. जॉर्ज मॅलरी 1924 मध्ये एव्हरेस्टवर गेला तो परत आला नाही. घरी तीन मुलं होती, पण जगाने त्याला वीर म्हटलं. ॲलिसन हारग्रीव्ह्ज मे 1995 मध्ये नळकांड्यातला ऑक्सिजन न वापरता एव्हरेस्ट चढली, आणि त्याच ऑगस्टमध्ये केटूचं शिखर गाठून उतरताना वादळात गेली. तिला दोन लहान मुलं होती, आणि तिच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती आईने जावंच कशाला याची. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला होता. अजून येतो.

"मग मुलांनाही घेऊन जा की," असंही सांगून झालं. ते तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. उंचीवर डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. मोठ्या माणसाला हे सांगता येतं. लहान मूल नुसतं किरकिरतं, आणि ते दमलंय, भुकेलंय की हवा विरळ झाल्याने आजारी पडतंय हे कळायला मार्ग नसतो.

याआधी एकदा आम्ही असेच गेलो होतो. तेव्हा मुलं ज्यांच्याकडे होती त्यांचं नाव घेत नाही. दर फोनला एकच उत्तर, "मजेत आहेत, तुम्ही मुळीच काळजी करू नका." परत आल्यावर कळलं की मोठा तापाने फणफणला होता. तो मला म्हणाला, "मी सांगा म्हटलं होतं." आमची सुट्टी बिघडू नये म्हणून लपवलं, असं आम्हाला सांगण्यात आलं. तेव्हापासून "मजेत आहेत" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. यंदा तर आधी हो म्हणून ऐनवेळी अंग काढून घेणारेही भेटले. तुम्ही मात्र स्वतःहून म्हणालात, "मी येऊन राहते."

आमचं दोघांचंही काही बरंवाईट झालं तर मुलं कोणाकडे, हा कागद करायचा होता. त्यात तुमचं नाव घालू का असं विचारलं, तेव्हा तुम्ही "अभद्र बोलू नका" म्हणाला नाहीत. "घाला" म्हणालात आणि औषधं, शाळा, कोण कशाला घाबरतं, सगळं वहीत उतरवून घेतलंत.

पण मला लिहायचंय ते त्या फोनबद्दल. वरच्या कॅम्पकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी गाइडने सॅटेलाइट फोन हातात दिला. त्यावर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. मी हातमोजा दातांनी ओढून काढला होता, कानाला फोन लावून "कशी आहेत?" एवढंच विचारलं आणि थांबले. तुम्ही म्हणालात, "धाकटी काल रात्री खूप रडली. तुझा जुना शर्ट कुशीत घेऊन झोपली. आज जेवली. मोठा कमी बोलतो, दार लावून बसतो, मग मी दाराबाहेर वाचत बसते. तुम्ही परत फिरावं असं काही नाही. तसं असतं तर मी सांगितलं असतं."

ताई, ते शेवटचं वाक्य. मुलगी रडली हे ऐकून मला बरं वाटलं असं कोणाला सांगितलं तर विचित्र वाटेल, पण तसंच झालं. तुम्ही रडणं लपवलं नाहीत, म्हणून "आज जेवली" यावर माझा विश्वास बसला. त्या रात्री मला झोप लागली.

वर तरी दुसरं काय असतं? 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. 3,000 मीटरच्या वर रोजची झोपायची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, मध्ये विसाव्याचे दिवस घ्यायचे, हे सगळं पाळूनही त्रास होऊ शकतो. गाइड रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारतो, डोकं दुखतंय का, मळमळतंय का. तिथे "मी ठीक आहे" असं खोटं बोलणारा माणूस सगळ्या तुकडीला धोक्यात घालतो, कारण लपवलेला त्रास फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येण्यापर्यंत जाऊ शकतो. तुम्ही कधी डोंगर चढला नाहीत, पण त्या फोनवर तुम्ही तिथल्या कोणाही जाणत्या माणसासारख्या वागलात.

आईबाप चढायला जातात तेव्हा एक वेगळंच ओझं बरोबर येतं. पोरांना सोडून एवढं आलोय, आता रिकाम्या हाताने परतलो तर लोकांना काय सांगायचं? हा विचार फार घातक आहे, तो माणसाला नको तिथे पुढे ढकलतो. आम्ही हिमनदीवर मुद्दाम वेगवेगळ्या दोरांवर होतो, दोघांचाही एकदम घात होऊ नये म्हणून. पण या विचारापासून दोर वाचवत नाही. शेवटच्या धारेखाली वारा एवढा वाढला की उभं राहवेना. गाइडने मागे फिरायचं म्हटलं. मी तुमच्या भावाकडे पाहिलं, त्याने मान हलवली, आणि आम्ही फिरलो. कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलंच नव्हतं. घरी मुलं खरोखर बरी होती आणि वर वारा खरोखर वाईट होता, दोन्ही आम्हाला ठाऊक होतं.

शिखर राहिलं. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण लग्नानंतर इतक्या वर्षांनी आम्ही दोघं मुलांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तासन्‌तास बोललो, तंबूत शेजारी शेजारी पडून. तेही तुमच्यामुळेच. मदत करणारे खूप असतात. पण मदत करताना समोरच्याला शहाणं समजून सगळं खरं सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आता तुमचं. तुमच्या सासूबाईंना सोडून तुम्हाला कित्येक वर्षं कुठे जाता आलेलं नाही. समुद्रावर जायचं म्हणता म्हणता राहून जातं. तारीख ठरवा, मी त्यांच्याजवळ येऊन राहते. औषधं कुठली, रात्री किती वेळा उठतात, कशावरून चिडतात, सगळं मला लिहून द्या. रोज फोन करेन, आणि त्या जेवल्या नाहीत तर जेवल्या नाहीत असंच सांगेन.

तुमची,
भावजय