एंडॉर्फिन आणि उंची

महोदय,
‘हसा, धावा, एंडॉर्फिन वाढवा, मुलांची उंची आपोआप वाढेल’ अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. जन्मभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसवेना.

यात तथ्याचा अंश आहे, नाही असं नाही. एंडॉर्फिन म्हणजे शरीरातच बनणारं, मॉर्फिनसारखं वेदना शमवणारं रसायन. त्याच्याच कुळातलं एन्केफॅलिन ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये ओळखलं. त्याच्या धर्तीवर बनवलेलं एक पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) निरोगी माणसांना टोचलं, की रक्तातलं ग्रोथ हार्मोन वाढतं. नॅलोक्सोन हे औषध देऊन ओपिऑइड रिसेप्टर (मॉर्फिनसारखी द्रव्यं पेशींवर जिथे चिकटतात त्या जागा) अडवले, तर ही वाढ दबते. पण नुसतंच नॅलोक्सोन दिलं, तर मूळची पातळी फारशी हलत नाही! म्हणजे रोजचा कारभार या रिसेप्टरांकडे नाही. तो मुख्यतः मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या दोन हार्मोनांच्या हाती: ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं जीएचआरएच आणि ते रोखणारं सोमॅटोस्टॅटिन.

खरी गंमत पुढेच. एन्केफॅलिनच्याच रचनेत फेरफार करून तयार केलेली काही पेप्टाइड्स ग्रोथ हार्मोन जोरात सोडायला लावत, वेदना मात्र शमवत नसत. त्यांचा रिसेप्टर वेगळाच निघाला, आणि त्याला लागू पडणारं शरीरातलं घ्रेलिन हे हार्मोन १९९९ मध्ये सापडलं, तेही चक्क जठरात. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला दरवेळी मजा यायची.

उलट, दुखण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत ग्रोथ हार्मोन कमी आढळलं आहे. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. असे लेख छापण्याआधी एखाद्या एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या नजरेखालून घालावेत, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका